काचेतून आलेलं ऊन

"जगन माळी मिरचीची पथारी आडवी चालत पार करेल आणि एकदाही खोकणार नाही!"

हे खुद्द जगन माळीनंच जाहीर केलं, तेव्हा नथ्थू चौधरीचं पान गालातच अडकलं. जाहीर केलं म्हणजे चक्क भोंग्यातून केलं. जगनच्या खिडकीची काच कधीच उघडत नसे. मग बोलायचं कसं? म्हणून त्यानं भंगारातला एक भोंगा आणून खिडकीबाहेर बरोबर नथ्थूच्या टपरीच्या डोक्यावर टांगला होता. आत बसून हा मोटारी रिवाइंड करायचा आणि मनात आलं की माइकमध्ये बोलायचा. मागच्या आठवड्यात त्यानं मुकादम गिरासेंचा आवाज काढून "नथ्थू, वीस मसाला पान, पथारीवर पाठव!" अशी ऑर्डर दिली होती. नथ्थू ती पानं घेऊन भर उन्हात पोचला, तेव्हा गिरासे घरी जेवत होते.

"तू?" नथ्थू काचेला नाक लावून म्हणाला. "पथारी? अरे भो, माझ्या बायकोनं फोडणीत एक मिरची टाकली तरी तू इकडे आत हाफतो."

"ते जुनं झालं."

"समज खोकलास तर?"

"तर मिरच्यांचा हार गळ्यात घालून, भर दुपारी, बाजार समितीच्या गेटसमोर कोंबड्यासारखा आरवेन. नाही खोकलो तर तू आरवायचं."

टपरीवर चार माणसं होती, चौघंही खूश झाली. नंदुरबारात थंडीच्या दिवसांत करमणूक ती काय? सगळं गाव मिरचीच्या ठसक्यानं डोळे पुसत असतं, बातम्यासुद्धा लोक नाकावर रुमाल धरून बघतात.

"टाळी?" नथ्थूनं हात पुढे केला.

जगननं आतून काचेला तळहात लावला. नथ्थूनं बाहेरून तिथंच टाळी दिली. पैज लागली.

पैज कशासाठी लावली हे मात्र जगननं भोंग्यातून सांगितलं नाही. मिरच्या वाळत घालायच्या त्या पथारीच्या पलीकडच्या टोकाला त्याची बायको काम करत होती. त्याला तिथपर्यंत जायचं होतं. एवढंच. पण पन्नाशीला टेकलेल्या माणसानं गल्लीला सांगायचं तरी कसं, की मला माझ्या बायकोजवळ जाऊन बसायचंय?

*

केसर त्याला पथारीवरच भेटली होती. पाण्याच्या पंपाची मोटर जळाली म्हणून जगन तिथं गेला. पंधरा एकर जमिनीवर लाल मिरची पसरलेली, वर आभाळ पांढरंफटक, आणि मध्ये ही पोरगी दाताळ्यानं मिरची परतत होती. त्यानं पाणी मागितलं. तिनं दिलं. त्याच्या शिंका संपेनात, तेव्हा ती इतकी हसली की हातातला तांब्या सांडला. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो रोज संध्याकाळी डबा न्यायच्या बहाण्यानं जायचा. डब्याच्या झाकणात ती चहा ओतायची, आधी त्याला द्यायची, उरलेला आपण प्यायची. तिच्या केसांना मिरचीचा वास असायचा. तिखट, जरा गोडसर, ऊन लागलेला. त्या वासासाठी तो दिवसभर शिंकायला तयार असे.

मग शिंकांचा खोकला झाला, खोकल्याचा दमा झाला. एका हिवाळ्यात तर ओठ निळे पडले आणि केसरनं त्याला रिक्षात आडवं घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून आल्यावर घराची वाटणी झाली. भांडण नाही, कोर्ट नाही. पुढची खोली त्याची, मागची तिची. मधल्या दाराला रबराची पट्टी. पथारीवरून आली की ती मागच्या दारानं घरात शिरायची, मागच्या मोरीत अंघोळ करायची, मागेच राहायची. जेवणासाठी जगननं भिंतीत एक पेटी बसवली, दोन झाकणांची. एक झाकण उघडं असलं की दुसरं उघडतच नसे. केसर तिकडून ताट ठेवायची, टकटक करायची. हा इकडून ताट घ्यायचा आणि रिकामं ठेवताना एखादी खोडी करायचा. कधी ताटात स्क्रू, कधी चिठ्ठीवर "भाजीत मीठ नाही, तुझ्यात आहे." पलीकडून हसणं ऐकू आलं की त्याचा दिवस सार्थकी लागायचा.

पावसाळ्यात पथारी नसायची. तेव्हा दार उघडायचं, दोघं एका ताटात जेवायची. आषाढ आणि श्रावणाची जगन लहान मूल दिवाळीची बघतं तशी वाट बघायचा.

पण अलीकडे दोन पावसाळे झाले, दार उघडलं नव्हतं.

"अजून अंगातली बुकणी गेली नाही रे," केसर पलीकडून म्हणायची. "तुला त्रास होईल. राहू दे."

पाऊस सगळं गाव धुऊन काढायचा आणि हिच्या अंगातली बुकणी काही जायची नाही! जगननं यावर बरेच विनोद केले. एकही त्याला स्वतःला आवडला नाही. केसरला आता त्याची सवय राहिली नसेल. एकटं राहणंच तिला बरं वाटत असेल. भिंतीला कान लावून तो बसायचा, तर तिकडे नळ सोडलेला असायचा. सारखा नळ सोडलेला.

*

दाणा आला तो याच सुमारास. डॉक्टर वळवी सरकारी दवाखान्यातल्या, मूळच्या धडगावच्या. कुणाला घाबरवायचं आणि कुणाला हसवायचं हे त्यांना बरोबर कळायचं. जगनला त्या घाबरवून थकल्या होत्या.

"माळी, तुम्ही दिवसभर खिडकीत बसता ना? ऊन येतं?"

"भरपूर येतं. टकलावर पापड भाजता येईल."

"काचेतून येतं. म्हणजे उजेड येतो, ऊब येते. उन्हाच्या ज्या भागामुळे कातडीत व्हिटॅमिन डी तयार होतं, तो भाग काच अडवते. तुमच्या रक्तात ते जवळपास नाहीच."

"हाडांसाठी असतं ना ते?"

"आम्हीही बरीच वर्षं तेवढंच समजत होतो. आता बघा." त्यांनी टेबलावरचा रबरी पाइप उचलला आणि बोटांनी चिमटला. "ही तुमची श्वासनळी. आतलं अस्तर सुजलेलं. का सुजलं? तर शरीराचे पहारेकरी मिरचीची धूळ बघून दंगल करतायत. धूळ छोटी, दंगल मोठी. व्हिटॅमिन डी त्या पहारेकऱ्यांना सांगतं की शांत व्हा, घरचंच आहे. शिवाय तुम्ही पंप ओढता ना, त्याचं औषधही मग जास्त लागू पडतं. म्हणजे तुम्ही धुळीला घाबरून काच लावली, काच लावल्यामुळे डी गेलं, डी गेल्यामुळे सूज वाढली, सूज वाढली म्हणून तुम्ही काच आणखी घट्ट लावली."

जगननं तो रबरी पाइप हातात घेतला, स्वतः एकदा चिमटून बघितला.

"मग गोळ्या द्या की."

"पूर्वी सरसकट द्यायचे. कुणाला गुण आला, कुणाला कणभर नाही. ज्यांच्याकडे आधीच पुरेसं, त्यांना आणखी देऊन काय होणार? आणि कुणाला किती पुरेल हेही वेगळं. म्हणून हा दाणा."

तांदळाएवढा दाणा. दंडाच्या कातडीखाली बसवायचा. रक्तातलं प्रमाण तो स्वतःच मोजायचा आणि लागेल तेवढंच व्हिटॅमिन डी सोडायचा. सोबत एक फुंकणी मिळायची. श्वासनळी सुजली की उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू वाढतो. फुंकणीत फुंकलं की तो वायू मोजून ती दिवा लावायची, लाल, पिवळा नाहीतर हिरवा.

"जादू नाही हां ही," डॉक्टर म्हणाल्या. "पंप सोडायचा नाही. आणि धूळ ती धूळच."

दसऱ्याआधी दाणा बसला तेव्हा फुंकणी लालभडक होती. कार्तिकात पिवळी झाली. पैज लागली त्या सकाळी पहिल्यांदा हिरवा दिवा लागला होता. पहिली बातमी त्यानं पेटीतून पाठवली. ताटात फुंकणीच ठेवली, हिरवा दिवा तसाच चालू.

पलीकडून हसू आलं नाही. बऱ्याच वेळानं आवाज आला, "छान झालं."

"मग दार उघडू?"

"सीझन चालू आहे जगन. वेडा का तू?"

"तू फुंकून बघ ना एकदा. गंमत म्हणून."

"मला कशाला? मी दिवसभर उन्हातच असते." नळ सुटला.

*

पैजेच्या आधी तपासणीला गेला तेव्हा डॉक्टर वळवींनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला दाणा हवाय? यादी चालू आहे."

"बायको आहे. पण तिला कशाला? तिच्याकडे एवढं डी असेल की गल्लीला वाटेल. पथारीवर असते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोक्यावर सूर्य."

"काय घालून काम करतात त्या?"

"काय म्हणजे? सगळ्या बायका घालतात तेच. साडीवर माझा जुना फुल शर्ट, हातमोजे, पायमोजे, तोंडाला ओढणीचे तीन वेढे, डोळ्यांना गॉगल. मिरची झोंबते ना. मी तिला म्हणायचो, तू मिरची परतायला जाते की चंद्रावर?"

तो हसला. डॉक्टर हसल्या नाहीत.

"मग ऊन तुमच्या शर्टाला मिळतंय, माळी. त्यांना कुठं मिळतंय?"

जगनचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरवायचं विसरल्यासारखं.

"त्यांना घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या.

"येणार नाही ती."

का येणार नाही, हे तोंडातून निघाल्यावर त्यालाच कळलं. नवा कायदा आला होता: कामावर फुप्फुसाचा आजार जडला तर मालकानं त्या माणसाला आयुष्यभर पोसायचं. कायदा चांगला होता. म्हणून मालकांनी त्याहून चांगली युक्ती काढली. बाई खोकली की त्याच दिवशी घरी. आजार सिद्धच व्हायला नको. पथारीभर गिरासे मुकादम कान टवकारून फिरायचे. आणि एका पथारीवरून काढलेली बाई दुसऱ्या पथारीवर कुणी घेत नसे. केसरच्या हाताखाली बायकांची टोळी होती, ती तिनं स्वतः जमवली होती. पथारी गेली तर तिच्या दिवसाला काही आकारच राहिला नसता.

दोन पावसाळे. बंद दार. सारखा सोडलेला नळ.

जगन दवाखान्याच्या पायरीवर बसला. इतके दिवस त्याला वाटत होतं, भिंतीपलीकडे एक बाई त्याला विसरत चालली आहे. आणि ती तिकडे नळ सोडून तोंडात पदर कोंबून खोकत होती, यानं ऐकू नये म्हणून.

*

पैजेच्या दिवशी पथारीच्या बांधावर अर्धी गल्ली जमली. गिरासे मुकादमांनीसुद्धा परवानगी दिली, त्यांना पानांचा जुना हिशेब चुकता झालेला बघायचा होता. नथ्थूनं मिरच्यांचा हार आधीच ओवून आणला होता.

"मापाचा केलाय," तो म्हणाला. "तुझ्या गळ्याच्या."

"तुझा गळा जाडा आहे, जरा सैल ओव," जगन म्हणाला आणि बांधावरून खाली उतरला.

पहिल्या पावलाला डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला नाक चुरचुरलं. तो थांबला. छातीत जुना पंजा आवळायची वाट बघितली. आवळला नाही. आत काहीतरी खरखरलं आणि बसलं. तो निघाला. दोन्हीकडे लाल ढीग, मध्ये पायवाट. कितीतरी वर्षांनी त्याच्या अंगावर काच मध्ये नसलेलं ऊन पडलं होतं. मानेवर, कानांवर, टकलावर. बांधावरून नथ्थू ओरडत होता, "शिंक मोजायची का?" आणि कुणीतरी म्हणत होतं, "नाही, खोकलाच!"

पलीकडच्या टोकाला एक रांग वाकून काम करत होती. सगळ्या सारख्याच गुंडाळलेल्या. पण त्यानं आपला निळ्या रेघांचा शर्ट ओळखला. शर्ट ओळखला हे नंतर सांगायला बरं. खरं तर त्यानं वाकणं ओळखलं.

केसर उठून उभी राहिली. गॉगलमागे डोळे दिसत नव्हते.

"आलास?" ओढणीच्या आडून ती म्हणाली.

"डबा विसरलो."

तिचे खांदे हलले. त्याला वाटलं, हसली. हसलीच होती, पण हसता हसता श्वास वर गेला आणि खाली येईना. तिनं तोंडावर हातमोजा दाबला. ओढणीच्या आत एक कोंडलेला, घोगरा आवाज फुटला. लगेच दुसरा.

ढिगापलीकडे पाठमोरे उभे असलेले गिरासे मुकादम वळले. "कोण खोकलं?"

रांगेतल्या बायका खाली बघत राहिल्या. केसरचे डोळे गॉगलमागे कुठं बघत होते कोण जाणे, पण तिचा हात तोंडावरून हलत नव्हता आणि छाती आतल्या आत उडत होती.

आणि जगन माळी खोकला.

असा खोकला की पथारीवरच्या चिमण्या उडाल्या. कंबरेत वाकून, गुडघे धरून, मध्ये "अरे देवा" म्हणून, परत खोकला. साऱ्या गावाच्या नकला करणाऱ्या माणसानं त्या दिवशी स्वतःच्या जुन्या दम्याची नक्कल केली, आणि ती इतकी हुबेहूब उतरली की बांधावरून नथ्थू जगननं ठेवायला दिलेला पंप घेऊन धावत आला. त्या गोंधळात केसरनं ढिगाकडे तोंड फिरवून आपला खोकला खोकून घेतला.

"हरलो," जगन धापा टाकत म्हणाला. "आण तो हार."

*

दुपारी बाजार समितीच्या गेटसमोर ट्रॅक्टरची रांग होती. व्यापारी, हमाल, मिरची विकायला आलेली माणसं, सगळी थांबली. जगन एका रिकाम्या खोक्यावर चढला. गळ्यात लाल हार. नथ्थूनं गर्दीला पैज पहिल्यापासून समजावून सांगितली, दोनदा, कारण मागच्यांना ऐकू आलं नव्हतं.

पण नथ्थूचा चेहरा उतरला होता. "राहू दे रे भो," तो हळूच म्हणाला. "तुझी छाती... चहा पाज, झालं."

"हट्! पैज म्हणजे पैज."

जगननं मान वर केली. कोपर पंखांसारखे पसरले. पोरासोरांनी टाळ्या वाजवल्या. तो आरवणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"थांब."

केसर आली होती. पथारीवरून तशीच, शर्ट, मोजे, गॉगल, ओढणी. तिच्यामागून तिची टोळी आणि टोळीच्या मागून, कामं का थांबली ते बघायला, गिरासे मुकादम.

"तू जा," जगन दबक्या आवाजात म्हणाला. "केसर, तू जा इथून. मी करतो ना. मला मजा येतेय."

ती खोक्याजवळ आली. आधी तिनं गॉगल काढला. मग ओढणीचा एक वेढा सोडला, दुसरा सोडला, तिसरा. आतला चेहरा फिकट होता, खिडकीत वर्षानुवर्षं बसून जगनचा झाला होता तसाच. उन्हानं तिचे डोळे बारीक झाले.

"जगन खोकला नाही," ती गर्दीला म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण तोपर्यंत सगळे गप्प झाले होते. "मी खोकले. दोन वर्षं खोकतेय. यानं सोंग केलं."

"खोटं बोलतेय!" जगन ओरडला. "मुकादम, ही माझी बायको आहे, हिला सवय आहे माझ्या मजेवर पाणी फिरवायची..."

"गप बस जगन." ती वळली. "मुकादम, ऐकलं ना? उद्यापासून येऊ नको म्हणायचं ते म्हणा."

गिरासेंनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. भर बाजारात ते वाक्य म्हणायची त्यांची हिंमत होईना, आणि न म्हणायचीही होईना.

"नका म्हणू," केसर म्हणाली. "मीच येत नाही. आणि उद्या डॉक्टरीणबाईंकडे फुंकायला जाणार आहे. लाल दिवा लागला की तो दिवा घेऊन तुमच्या मालकाकडे येईन. माझा खोकला कुठून आला ते विचारायला."

टोळीतली एक बाई म्हणाली, "एकटी नको जाऊ." बाकीच्यांपैकीही कुणी पथारीकडे वळलं नाही.

जगन खोक्यावर तसाच उभा होता, कोपर पसरून. काहीतरी चटकदार बोलावं असं त्याला फार वाटत होतं. सुचलं एवढंच: "तुला पथारी आवडायची गं."

"हाव," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण नंदुरबारात त्या दिवसांत कुणाचे डोळे कोरडे असतात? "तूही आवडायचास. भिंतीला कान लावून बसायचास ना? मीपण बसायचे. पलीकडून."

तो खाली उतरला. ती जवळ उभी होती, अंगभर मिरचीची बुकणी, केस मोकळे सुटलेले. त्यानं श्वास घेतला. तोच वास. घशात खरखरलं, नाक वाहायला लागलं, आणि तो तसाच उभा राहून आणखी एक श्वास घेत राहिला. पुढे काय होणार होतं हे दाण्यालाही माहीत नव्हतं. तिच्या दंडात दाणा बसेल, दिवा कदाचित पिवळा होईल, कदाचित होणार नाही. मालकाशी भांडण लांबेल. पण आत्ता तिच्या आणि त्याच्या मध्ये काच नव्हती, झाकण नव्हतं, नळाचा आवाज नव्हता.

"अरे, पण मग," गर्दीतून एक हमाल म्हणाला, "हा खोकला नाही म्हणजे पैज कोण हरलं?"

सगळ्यांच्या माना एकदम फिरल्या. नथ्थू चौधरी सायकलवर टांग टाकायच्या बेतात होता.

"नथ्थूभाऊ!" जगननं गळ्यातला हार काढला. "जरा सैल ओव म्हटलं होतं."

हमालांनी नथ्थूला उचलून खोक्यावर ठेवलं. हार खरंच गळ्याला घट्ट बसत होता. नथ्थूनं जगनकडे बघितलं, केसरकडे बघितलं, गालातलं पान थुंकलं, मिशा पुसल्या. मग दोन्ही हात कमरेला लावून, छाती काढून, डोळे मिटून तो असा काही आरवला की गावातले खरे कोंबडे भर दुपारी उत्तर द्यायला लागले.

"परत!" केसर म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."

नथ्थू परत आरवला.